आईला सांगितलेला खडा

आई परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आया होती. तीस वर्षं तिने तिथे पेशंटची अंथरुणं बदलली, बेडपॅन दिले, अंगं पुसली, आणि कोणी गेलं की त्याचे हातपाय सरळ करून डोळे मिटले. आम्ही करी रोडला चाळीत राहायचो. ड्यूटीवरून आली की ती घरात कशालाही हात न लावता आधी मोरीत जायची, साडी बदलायची, कोपरापर्यंत हात घासायची आणि मगच आमच्याकडे बघायची. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका गोदामावर वॉचमन झाले आणि मी कॉलेजात असताना गेले. त्यामुळे आम्हा दोघा भावंडांना जे काही वळण लागलं ते आईचं.

ती आम्हाला उपदेश करत नसे. भाजी निवडता निवडता वॉर्डातलं सांगायची. पेशंट बेशुद्ध असला तरी त्याला हात लावण्याआधी "हात लावते हं" म्हणायचं. त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायचं नाही. त्याच्यासमोर घड्याळ बघायचं नाही. हे सगळं मला इतक्या लहानपणापासून माहीत होतं की बरीच वर्षं मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी हे शिकवतात.

एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते, गिरगावात राहणारे. मुलांनी त्यांना अल्सर आहे असं सांगितलं होतं. अल्सर नव्हता. एकदा आई चादर बदलत असताना त्यांनी तिचा हात धरला आणि विचारलं, "मावशी, मी घरी जाणार ना?" आयाने आजाराबद्दल बोलायचं नसतं. आई म्हणाली, "तुमचे कागद मला वाचता येत नाहीत. पण घरच्या कोणाशी बोलायचं राहिलं असेल तर आजच बोलून घ्या." गृहस्थांनी त्याच दिवशी मोठ्या मुलीला बोलवून घ्यायला सांगितलं. परजातीत लग्न केलं म्हणून तिला घरात घेत नव्हते. ती आली, दोन दिवस बापाजवळ बसली. मुलांना कळल्यावर त्यांनी तक्रार केली. आईला मेमो मिळाला आणि वॉर्डातून काढून सहा महिने धोबीखात्यात टाकलं.

"मग चुकलंच ना तुझं?" मी एकदा विचारलं होतं. तेव्हा मी आठवीत वगैरे असेन.

"नियमाने चुकलं," आई म्हणाली. "पण मरणारं माणूस तो होता, त्याची पोरं नव्हती. त्याचं त्याला कळायला नको?"

हे ती एवढ्या पोटतिडकीने का बोलायची, तेही आम्हाला ठाऊक होतं. तिची आई, म्हणजे माझी आजी, मालवणजवळ गावाला मामाकडे राहायची. आजी महिनाभर अंथरुणाला खिळून होती आणि मामाने आईला कळवलंच नाही. फोन आला तो सगळं आटोपल्यावर. आई गावाला पोचली तेव्हा अंगणातला मांडवसुद्धा काढून झाला होता. मामाचं म्हणणं, तुझी ड्यूटी, पोरांच्या परीक्षा, उगाच कशाला जिवाला घोर. आई त्याच्या घरात पाणीही न पिता दुसऱ्या दिवशी एसटीने परत निघाली आणि त्यानंतर तीसहून जास्त वर्षं भावाशी एक शब्द बोलली नाही. राखीला पोस्टाने राखी मात्र जायची. पाकिटात चिठ्ठी नसायची.

हे सगळं मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते मी अजाणतेपणी केलं असं कोणाला वाटू नये.

आमची चाळ पाडली आणि त्याच जागेवर टॉवर उभा राहिला. मागच्या बाजूच्या इमारतीत आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. भाऊ तोवर पुण्याला नोकरीला लागून तिथेच स्थायिक झाला होता. मी लग्न केलं नाही. दादरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. नव्या घरात आम्ही दोघीच. आईला गॅलरीची फार आठवण यायची. चाळीत कोणाला साधा खोकला झाला तरी चार बिऱ्हाडांत कळायचं. इथे शेजारच्या दारावरची पाटी वाचूनच शेजारी कोण राहतं ते समजायचं. चाळीत असतो तर मला खोटं बोलणं जमलंच नसतं, असं मला अजूनही वाटतं. कोणीतरी काकू डोळे पुसत दारात उभी राहिली असती आणि आईला सगळं समजलं असतं.

आई रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. होळीच्या सुमाराला तिला कावीळ झाली. अंगाला विलक्षण खाज, जेवण नकोसं. मी तिला एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. भाऊ पुण्याहून आला आणि डॉक्टरांना माझ्या आधी तोच भेटला. बाहेर आला तेव्हा त्याने आईची फाइल माझ्या हातात दिली.

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. पित्ताच्या वाटेत एक नळी बसवली की कावीळ उतरेल, काही दिवस बरं वाटेल. पुढचं काही महिन्यांचं, फार तर.

आम्ही कँटीनच्या बाहेर उभे होतो. भाऊ म्हणाला, "ताई, तिला सांगायचं नाही."

"अरे, ती आया होती. तिला कळणार नाही?"

"नाही कळणार. नळी बसवल्यावर बरं वाटेल तिला. खडा होता, काढला, असं सांगू. जे दिवस आहेत ते हसत जाऊ देत ना तिचे."

"तिला हे आवडणार नाही."

"आवडणार नाही, पण कळलं तर ती जगणार कशी, ते सांग मला." त्याला रडू फुटलं. चाळीशी उलटलेला माझा भाऊ भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बरं म्हटलं.

त्याच्या रडण्यामुळे मी बरं म्हटलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं असं की मला सुटल्यासारखं वाटलं. आईसमोर बसून ते वाक्य उच्चारायचं मला कधी जमलं असतं असं वाटत नाही. भावाने त्यातून मला सोडवलं.

नळी बसवली आणि आठवड्याभरात कावीळ उतरली. आईचा चेहरा पुन्हा तिचा दिसू लागला. भाऊ पुण्याला परत गेला. आई लालबागच्या मार्केटमध्ये जाऊन स्वतः निवडून बांगडे घेऊन आली, तिखलं केलं, दोन घास जास्त जेवली. लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईला तिने उत्साहाने सांगितलं, "खडा होता हो पित्ताचा. काढला." मी शेजारी पिशवी घेऊन उभी होते. त्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "केवढा होता?" मी बोटाच्या पेरावर दाखवलं, एवढा.

फाइल मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवली होती.

एका रविवारी सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "आता बरं वाटतंय. गावाला जाऊन येऊ काय गो?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "गावाला? मामाकडे?"

"त्याच्याकडेच. दुसरं कोण आहे तिथे आपलं." ती कपात बघत होती. "तोही म्हातारा झाला असेल. हॉस्पिटलात पडल्या पडल्या मनात आलं. खोली तरी बघून येईन आईची."

मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीची गाडी पकडायला हवी होती. मी म्हटलं, "बघू, भावाला विचारते." भावाला फोन केला तर तो घाबरला. नळीला इन्फेक्शन होऊ शकतं, गावात धड दवाखाना नाही, तिथे काही झालं तर काय करणार. त्याचं चुकीचं नव्हतं. मी आईला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, आतली जखम भरू दे. मे महिन्यात जाऊ, आंब्याला."

"खड्याच्या जखमेला इतके दिवस?"

"वय झालं ना तुझं."

ती हसली. "बरं. आंब्याला."

त्यानंतर तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी मे महिन्यावर ढकललं. त्या तीन आठवड्यांत ती चालत होती, जिन्याचे चार मजले उतरून दाखवत होती. डॉक्टरांनी सांगितलेले बरे दिवस ते हेच. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात होते.

मग एका दुपारी तिला हुडहुडी भरून ताप आला. मी ग्रंथालयात होते. तिने मला फोन केला नाही. तिला संशय आधीच आला असणार. माझं कपाट उघडलं, साड्यांखालची फाइल शोधून काढली, टॅक्सी केली आणि एकटी परळला तिच्या जुन्या हॉस्पिटलात गेली. तिथल्या एक सिस्टर आईच्या वेळी नव्याने लागल्या होत्या, आता वॉर्डच्या मुख्य होत्या. आईने फाइल त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचून दाखवलं. तापाचं इंजेक्शन दिलं, चहा पाजला आणि टॅक्सीत बसवून दिलं. हे मला त्या सिस्टरांनीच नंतर सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्या आईने फक्त एवढंच विचारलं की हे कागद कधीचे आहेत."

मी संध्याकाळी घरी आले तर आई खुर्चीत बसली होती. फाइल मांडीवर.

"ह्यां काय?" तिने विचारलं. रागावली की ती मालवणीत बोलायची.

मी चपला काढायच्या विसरले. "आई, आम्हाला वाटलं..."

"माका काय झालाहा ता तुका ठावक होता?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने मान हलवली. ती ओरडेल, रडेल, असं मला वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. ती नेहमीच्या मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "तीन वेळा विचारलं मी तुला, गावाला जाऊ का म्हणून. तेव्हा माझ्या पायात बळ होतं."

मी तिच्या पायाशी बसले. माफी मागितली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि मला ढकललंही नाही. मग म्हणाली, "कुकर लाव."

त्या रात्री भावाशी ती फोनवर नीट बोलली. त्याला काही लागेल असं बोलली नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आई त्याला लहान समजून सोडून देत होती आणि मला मोठी समजून धरत होती, असं आता वाटतं.

ताप वरचेवर येऊ लागला. पंधरा दिवसांत ती अंथरुणाला खिळली. गावाला जाणं आता शक्य नव्हतं, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. मी बिनपगारी रजा घेतली. बाई ठेवू का विचारलं तर आई म्हणाली, "नको. तुला शिकवते."

आणि तिने शिकवलं. वॉर्डात नव्या लागलेल्या आयांना शिकवायची तसं. माणूस पलंगावर असतानाच चादर कशी बदलायची: त्याला कुशीवर वळव, जुनी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळ, नवी तिथपर्यंत पसर, मग या बाजूला वळव. "हाताला धरून ओढू नको. खांदा आणि कंबर. परत कर." मी परत करायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचेखाली काय ठेवायचं, पाठीवरचा लालसर डाग बोटाने दाबून कसा बघायचा, तोंड आतून कापडाने कसं पुसायचं. चुकलं की ती चिडायची. एकदा घाईत मी काही न बोलता तिचा पाय उचलला तर म्हणाली, "मी काय गाठोडं आहे?" मी म्हटलं, "चुकलं. हात लावते हं." मग तिने पाय उचलू दिला.

या कामाखेरीज आमच्यात फारसं बोलणं नव्हतं. ती माझ्यावर रागावलेली होती की नाही हे मला कळत नसे आणि विचारायचा धीर होत नसे. तिचं अंग मात्र तिने पूर्ण माझ्या हातात दिलं होतं. त्यात तिने कधी संकोच केला नाही.

मामाला मी फोन केला. आईनेच सांगितलं, "त्याला बोलव. काय झालंय ते नीट सांग. आजारी आहे एवढंच सांगू नको." मी नीट सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामा दादरला उतरला. मी आणायला गेले. सत्तरी ओलांडलेला वाकलेला माणूस, हातात एक पिशवी. टॅक्सीत ती मांडीवर धरून बसला.

आईने त्याला पलंगाजवळ खुर्ची द्यायला सांगितली. मग आई म्हणाली, "आवशीचा सांग. शेवटचे दिवस."

मामाला वाटलं ती भांडणार. तो म्हणाला, "जावंदे आता त्या."

"भांडूक नाय बोलवलंय. सांग माका."

तो सांगू लागला. आजी कशी पडली, काय खायची, कोणत्या खाटेवर झोपायची, शेवटच्या आठवड्यात माणसं ओळखेनाशी कशी झाली. आई मध्ये मध्ये विचारत होती: पाठीला जखमा झाल्या होत्या का? तोंडात पाणी कोणी घातलं? मामा म्हणाला, "मियाच."

"माका इचारल्यान तिना?"

मी दाराशी उभी होते. मामा नाही म्हणाला असता तर कोणाला कळणार होतं? मला आतून वाटत होतं, त्याने नाही म्हणावं.

तो म्हणाला, "इचारल्यान. दोनदा. चेडू इला काय, म्हणान. मी सांगलंय, येता म्हणान."

म्हणजे मुलगी आली का असं विचारत, वाट बघत आजी गेली. आईने डोळे मिटले. पाणी कानाकडे ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. आजार कळल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. आई म्हणाली, "बरा झाला सांगलंस." आणि मग मला म्हणाली, "त्याला झोपायला माझी गादी काढ. जुनी. ती मऊ आहे."

मामा लगेच परत गेला नाही. नऊ दिवसांनी एका सकाळी, मी तिला कुशीवर वळवत असताना, आई गेली. तिने शिकवलेलं सगळं मी केलं. हात लावण्याआधी सांगितलंसुद्धा.

भाऊ आला तो तेराव्यापर्यंत राहिला. तेराव्याच्या दिवशी तो मला म्हणाला, "ताई, तुला राग येईल, पण मला अजूनही वाटतं आपण बरोबर केलं. त्या तीन आठवड्यांत ती बांगडे आणायला गेली. हसत होती. कळल्यावर एकदा तरी हसली का?"

मी म्हटलं, "तिला गावाला जायचं होतं."

"गेली असती आणि तिथे ताप आला असता तर?"

ती हसत होती हे खरंच आहे, मी पाहिलंय. आम्ही दोघं त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. गणपतीला भेटतो, एकमेकांना जपतो, तेवढी जागा सोडून बोलतो.

मामाला त्या तीन आठवड्यांचं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, आजारच उशिरा कळला. तो निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. खड्याचं, फाइलचं, मे महिन्याचं. तो खिडकीतून खाली बघत ऐकत होता.

"माझ्यार तीस वर्सां रागान होती," तो शेवटी म्हणाला. "तुझ्याशी बोलत होती मां?"

"कामापुरतं."

"मगे तुका माझ्यापेक्षा कमीच शिक्षा झाली." तो हे हसून बोलला नाही. मला समजवायलाही बोलला नाही. दोन गुन्हेगार बोलतात तसं बोलला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दादरला सोडायला गेले. गाडी लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून तो वळला आणि म्हणाला, "आता माका काय झाला, तुका काय झाला, तुझ्या भावाक काय झाला, तर त्याच दिवशी फोन करूचो. लपवूचा नाय. कबूल?"

मी कबूल म्हटलं. गाडी गेल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. उद्या भावाला काही झालं आणि तो पुन्हा तसाच भिंतीला टेकून रडायला लागला, तर मी काय करीन याची मला खात्री वाटत नव्हती.